मंगळवारचा नायट्रोजन

निवेदितानं लॅबमध्ये डब्याचं झाकण उचललं, पांढरी वाफ बाजूला सरली, आणि आत दिसल्या... बैलांच्या वीर्याच्या रंगीत कांड्या!

सकाळी मच्छेच्या गॅस डेपोत रांगेत तिच्यापुढे काकती गावचे गुरांचे डॉक्टर उभे होते. दोघांनाही द्रव नायट्रोजनच हवा होता, दोघांचे डबेही सारखेच. झाली अदलाबदल! तेवढ्यात डब्यावरचा नंबर बघून त्यांचा फोन आलाच.

“म्याडम, माझे बैल तुमच्याकडं आलेत काय?”

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

आई पुण्याला भावाकडे गेल्यापासून टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्टीखेरीज तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. लॅबमध्ये ती वीज वाहून नेणारी एक कागदासारखी पातळ पट्टी बनवत होती. नायट्रोजनच्या गारठ्यात बुडवली की विजेला अडथळा म्हणून उरत नाही. पण वरच्या लेपात तीळभर खोट राहिली की सगळं तिथंच अडतं. लांब पट्टी काही केल्या साधत नव्हती.

मग दर मंगळवारी डेपोत तोच गुरांचा डॉक्टर, युवराज, भेटू लागला.

“काय म्हणतीया तुमची पट्टी?”

“रुसलीय. आता भट्टीतून आणखी सावकाश सोडणार आहे. लेप एकसारखा बसायला हवा.”

“सगळंच लई सावकाश चाललंय, म्याडम...”

समोर एवढा गारठा वाफाळत असताना तिचे कान तापले. काहीतरी करायचं म्हणून तिनं झाकण दाबलं.

“घट्ट लावू नका. आत कोंडलं की फुटतंय.”

“ठाऊक आहे मला!”

“डब्याचं ठाऊक हाय. माणसाचं?”

पावसाळा सरता सरता लांब पट्टी चाचणीत पास झाली — या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेच खोट नाही. पेढे वाटले गेले, आणि कंपनीनं तिला बेंगळूरच्या मोठ्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. ही बातमी त्याला सांगायला ती मंगळवारपर्यंत थांबली.

“अभिनंदन,” युवराज म्हणाला. “बेंगळुरात... गुरांचे डॉक्टर लागत न्हाईत न्हवं?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. म्हणायचं होतं दुसरंच. पण जीभ हलेल तर शपथ! तो आत सही करायला गेला. बाहेर आला, जीप सुरू केली आणि निघून गेला.

संध्याकाळी बॅग भरताना फ्लॅट आणखीच रिकामा वाटत होता. फोन वाजला.

“म्याडम, तुमचा डबा माझ्या जीपमध्ये आलाय. परत चूक झाली जणू. उद्या लॅबला लागंल की...”

“नाही लागणार. लॅबमध्ये मोठी टाकी बसून दोन महिने झाले.”

“मग दर मंगळवारी... कशाला येत हुतासा?”

निवेदितानं डोळे मिटले. “तुम्हाला भेटायला. आणि डबा मीच ठेवलाय, युवराज. तुम्ही आत गेलात तेव्हा. न्यायला येईन मी... तोवर जपाल?”

“जपतो की. झाकण सैल ठिवून,” तो हळूच म्हणाला, “मंगळवारी फोन करू?”