स्पंदनपट्टी

मासे वड्डे अंगणात भात कांडत होती. सातवा महिना लागला होता, तरी मुसळ तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. जैनी पुंगाटीने तिला ओसरीवर बसवलं आणि हातातल्या यंत्राचा छोटा पडदा तिच्यासमोर धरला. बाळाचे ठोके एकशे बेचाळीस. मासेचा रक्तदाब ठीक. हे आकडे येत होते मासेच्या पोटावर चिकटवलेल्या, कांद्याच्या सालीएवढ्या पातळ पट्टीतून. तिला सगळे स्पंदनपट्टी म्हणत.

जैनी जंगलातल्या अकरा टोल्यांची, म्हणजे लहान पाड्यांची, आशाताई. पूर्वी बाई आजारी आहे हे तिला कळेपर्यंत उशीर झालेला असे. आता पट्टी दर पाच मिनिटांनी उपग्रहाकडे आकडे पाठवी. काही बिघडलं, की आरोग्यकेंद्रातून औषध घेऊन निघालेला ड्रोन थेट त्या बाईपाशी उतरे, मग ती घरात असो की शेतात. दोन वर्षांत एकही बाळंतीण दगावली नव्हती. सगळ्या पट्ट्या जैनीने स्वतःच्या हातांनी लावल्या होत्या. प्रत्येकीला तिने एकच सांगितलं होतं, हिला फक्त तुझं आणि बाळाचं कळतं.

मासेचा नवरा कोपा काही महिन्यांपूर्वी बंदूकवाल्यांबरोबर जंगलात गेला होता. त्या आठवड्यात त्याचा निरोप आला आणि मासे कुणालाही न सांगता नाल्यापलीकडच्या कपारीत त्याला भेटायला गेली. दोन रात्री राहिली. ती परतली त्याच दुपारी जवानांनी नेमकी ती कपार घेरली. कोपा आणि त्याचे दोन साथीदार मारले गेले.

टोल्यात मासेखेरीज कुणालाच ती जागा ठाऊक नव्हती. मासेकडून हे कळल्यावर जैनी चौदा किलोमीटर चालत आरोग्यकेंद्रात गेली. बाई कुठे आहे हे पट्टी सांगते, ते आणखी कुणाला दिसतं, असं तिने डॉक्टर साखऱ्यांना विचारलं. ही योजना त्यांनीच वरिष्ठांशी भांडून आणली होती.  ते म्हणाले, आकडे आधी शहरात जातात, तिथून पुढे कुठे जातात ते आपल्याला कधी सांगितलेलं नाही.

"तुम्ही विचारलंत का?"

"नाही, जैनीताई. बाया वाचत होत्या. मी विचारलं नाही."

ठिकाण सांगणारा भाग तेवढा काढून टाका, असं तिने सुचवलं. मग ड्रोन कुठे उतरणार, असं त्यांनी विचारलं. 

ती परतेपर्यंत बायकांनी पट्ट्या ओढून चुलीत घातल्या होत्या. चार दिवसांनी जंगलातल्या बंदूकवाल्यांनी जैनीला बोलावून दिवसभर मोहाच्या झाडाखाली बसवून ठेवलं. तू खबरी आहेस का, हाच प्रश्न फिरून फिरून. त्यांच्यातल्या एका मुलीच्या बहिणीचं बाळंतपण जैनीने केलं होतं. त्या मुलीने शब्द टाकला म्हणून जैनी जिवंत सुटली. तिच्या हातातला पडदा मात्र त्यांनी दगडाने ठेचला. पुढच्या आठवड्यात जवानांनी तिला छावणीत नेलं. पट्ट्या बंद कशा पडल्या, हे त्यांना हवं होतं. तिथेही तिचा दिवस गेला.

तरी रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र पाठीला लावून ती टोल्यांवर फिरत राहिली. लोक तिला पाणी देत, घरात घेत नसत. मासेचे सुजलेले पाय आणि फुगलेला चेहरा तिला कुंपणाबाहेरूनच दिसत. रक्तदाब चढल्याची ही खूण ती ओळखत होती.

"मासे, एकदा दंडाला पट्टा बांधू दे. हे यंत्र कुणाला काही सांगत नाही."

"त्या पट्टीचंही तू असंच सांगितलं होतंस, अक्का," मासे म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने दार ओढून घेतलं.

नवव्या महिन्यात मासेला झटके आले. सासूने माणूस धाडला. जैनी धावत पोचली तेव्हा मूल जन्मलं होतं आणि मासे गेली होती. जैनीने नाळ कापली, पोरीला पुसून सासूच्या हातांत दिलं. सासूने पोरीला पदरात गुंडाळलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर जैनीला सोसायला सोपं गेलं असतं.

महिन्याभराने पलीकडच्या टोल्यातून पाली मिच्चाने स्वतःहून बोलावणं पाठवलं. तिची दोन मुलं पोटातच गेली होती, आता पाचवा महिना होता. जैनी आरोग्यकेंद्रातून नवी पट्टी घेऊन गेली, पण पिशवीतून ती काढण्याआधी तिने पालीला सगळं सांगितलं. कोपाचं, मासेचं, डॉक्टरांचं, स्वतःच्या शब्दाचंही. काही लपवलं नाही.

पालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचा धाकटा भाऊ जंगलात होता आणि सणासुदीला कधीतरी चोरून घरी जेवायला येई. ते तिनेही लपवलं नाही.

मग पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "माझ्या जागी तू असतीस, अक्का, तर लावली असतीस?"