हुंकारा

दिवेलागणीला भगवंतरावांनी कंदिलाची काच पुसली, खांद्यावर घोंगडी टाकली आणि काठी उचलली. पाळी कोणाचीही असो, पहाऱ्याला ते रोज जायचेच. खरं तर पहाऱ्याची कल्पनाही त्यांचीच. मलकापूरच्या टेसनावर उतरलेला मानमोडीचा ताप गावात शिरला, घरंच्या घरं अंथरुणाला खिळली आणि चोरांचं आयतंच फावलं. रोग्याच्या उशाजवळून भांडी जाऊ लागली. पोलीस बोटांवर मोजण्याइतके, तेही तापात. तेव्हा भगवंतरावांनी कमेटीत ठराव आणला. प्रत्येक घरानं पाळीपाळीनं माणूस द्यायचा. त्यानं दारोदार "कोन जागं?" अशी हाक मारायची. आतून हुंकारा आला तर पुढं जायचं. नाही आला तर दार तोडायचं. आत चोर असेल, नाहीतर मरणारा माणूस.

नियम चांगला होता, त्यानं दोघातिघांचा जीव वाचलाही. पण पहिलं दार तुटलं ते झुंबरबाईचं, आणि तेही उगाच. म्हातारी एकटी, गाढ झोपलेली. फळ्या फुटल्या तशी ती उठून रडायलाच लागली. सुतारही आजारी, म्हणून कितीतरी दिवस दाराला गोणपाट लटकत होतं.

"आता मेली तरी हुंकारा देईन, बापू," ती भगवंतरावांना म्हणाली होती. "पन कोनाचं दार तोडू नको."

भगवंतराव हसले होते. पुढं रोज सांजेला तिचा बारीक, किनरा आवाज यायचा, "जागी हाय, बापू. जा."

काल सांजेलाही आला होता. आज सकाळी मात्र शेजारचा शालिग्राम नाकाला धोतराचा सोगा लावून आला.

"भगवंतराव, म्हातारीच्या घरातून वास येऊन राह्यला."

"काऊन? काल तं बोलली मायासंगं."

नवं दार तोडावं लागलं. झुंबरबाई खाटेवरच होती. तिला जाऊन बरेच दिवस झाले होते, ते सांगायला वैद्य नको होता. खांदा देताना शालिग्राम पुटपुटला, "मंग रोज हुंकारा..." भगवंतरावांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. वाऱ्याचा आवाज असेल, असं ते दिवसभर स्वतःला बजावत राहिले. पटत मात्र नव्हतं.

चावडीवरून शालिग्रामला सोबत घेऊन ते आळीत परतले. पहिली हाक स्वतःच्याच दाराला, हा त्यांचा शिरस्ता. आत बायको सत्यभामा एकटी होती. दुपारी डोकं जड झालं म्हणून आडवी झाली होती आणि चोरांच्या धाकानं आतून कडी लावायला विसरली नव्हती. रोज ती आतून चेष्टा करायची, "जागीच हाय, चोर तं बाहीर हिंडून राह्यला!"

"कोन जागं?"

आत शांतता. मग दाराच्या अगदी मागून, कडीजवळून आवाज आला.

"जागी हाय, बापू. जा."

शालिग्राम कंदील घेऊन मागं सरला. "चाला, भगवंतराव... हुंकारा आला..."

नियम त्यांचाच होता. भीतीनं त्यांचे पाय क्षणभर वळलेही, आणि त्याची लाज त्यांना तिथल्या तिथं वाटली. काठी टाकून त्यांनी दाराला खांदा लावला. तिसऱ्या-चौथ्या धक्क्याला कडी निखळली.

आत दिवा नव्हता. सकाळचाच तो वास होता. सत्यभामा चुलीपाशी पडली होती, अंग तव्यासारखं तापलेलं.

"अवं! डोये उघड!"

"तुमची हाक आयकू आली..." तिचे ओठ कसेबसे हलले. "बोलताच येईना मले."

"मंग... कोन बोललं?"

तिनं दाराकडं पाहिलं. "झुंबरबाई. कडीपाशी बसल्या होत्या. म्हने, तू नोको उठू, पोरी... मी देतो हुंकारा."

भगवंतरावांनी तिच्या तोंडात पाणी सोडलं. घोट खाली उतरला. बायको वेळेत हाती लागली होती. त्यांना रडू आवरेना.

"भगवंतराव..." ओट्यावरून शालिग्राम कुजबुजला. "बाहीर या."

ते बाहेर आले. पुढच्या एकाही दाराला अजून हाक दिलेली नव्हती. तरी शेजारच्या बंद दारामागून आवाज आला, मग समोरच्या, मग त्याच्या पलीकडच्या. अंधारात आळीच्या टोकापर्यंत दारामागून दार बोलत गेलं, त्याच किनऱ्या, मायाळू आवाजात.

"जागी हाय, बापू. जा."

भगवंतरावांनी काठी उचलली. आधी कोणाचं दार तोडावं, ते त्यांना कळेना.