डावीकडचा स्पीकर

तो आला होता शेजारच्या दुकानात टायरमध्ये हवा भरायला. गाडीत गाणं लावलेलं होतं आणि त्या गाण्याचे असे काही हाल चालले होते की, ती हातातलं काम टाकून तरातरा तिकडे गेली, उघड्या खिडकीतून आत हात घातला आणि गाणं बंदच करून टाकलं.

"अहो…!"

"गळा आवळताय तुम्ही त्या बाईंचा."

"कुठल्या बाईंचा?"

"गाणाऱ्या! बास पूर्ण, ट्रेबल पूर्ण, मधे बाईंना श्वास घ्यायला जागा नाही. गाडी आत घ्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं — बाह्या वर सारलेल्या, कानामागे टेस्टर खोचलेला, नाकाच्या शेंड्यावर राग — आणि निमूटपणे गाडी आत घेतली. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. वखारीत करवतीच्या यंत्रावर असतो, म्हणाला.

मामाच्या दुकानात गाड्यांचा आवाज जुळवायचं काम तिचंच. मामा तिला 'कानसेन' म्हणायचा, निम्मं कौतुकानं, निम्मं वैतागून. कारण आवाज मनासारखा लागेपर्यंत ती गाडी सोडायची नाही. मग गिऱ्हाईक ताटकळो, नाहीतर मामा.

"हा क्रॉसओव्हर," ती त्याला समजावू लागली. "घरातल्यासारखंच आहे. जाड आवाज मागच्या वूफरनं सांभाळायचे, मधले दारातल्या स्पीकरनं, बारीक या वरच्या ट्विटरनं. सगळ्यांनी सगळ्यात लुडबुड केली की नुसती भांडणं."

"आणि ही सगळी बटणं?"

"इक्वलायझर. इथे वाढवायचा मोह आवरायचा. जे बोचतंय ते आधी कमी करायचं."

"घरी पण असंच करता?"

"घरी मामी आहे. तिच्यापुढे माझं एकही बटण चालत नाही."

तो हसला. आणि त्याचं हसणं… आता सांगायलाच हवं, तिला फार आवडलं. मग गाणं लागलं. बाई मोकळ्या गळ्यानं गायल्या. डोळे मिटून ऐकता ऐकता तो हळूच म्हणाला, "सुरेख! पण डावीकडचा स्पीकर जरा झोपलाय."

तिचा पारा चढला. तिने पुन्हा तपासलं. स्पीकर टक्क जागा होता.

त्यानंतर तो येतच राहिला. दर वेळी डाव्या ट्विटरचा आवाज टोकाला नेलेला.

"याला कोणी हात लावला?"

"मी… झोपतो तो."

"माझ्या हातचा स्पीकर झोपत नाही!"

ती सगळं जागेवर आणायची, तो पुन्हा बिघडवून आणायचा. "हा काही स्पीकरसाठी येत नाही," मामा चष्म्यावरून बघत पुटपुटायचा. ती कानाडोळा करायची. पण ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला की तिची मान आपोआप दाराकडे वळायची, हे काही खोटं नाही.

एकदा तक्रार नीट समजून घ्यायची म्हणून ती त्याच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर बसून चक्कर मारायला गेली. संध्याकाळचं ऊन त्याच्या हातांवर आलं होतं, गाणं चालू होतं. एरवी तोंडावर बोलणारी ही मुलगी खिडकीबाहेर बघत कशीबशी म्हणाली, "तुम्ही… तक्रार नसताना आलात ना, तरी मला आवडेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं, गोड हसला — आणि गाण्याचा आवाज वाढवला.

झालं! उत्तर मिळालं. घरी गेल्यावर तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

तो पुन्हा आला तेव्हा मामाला पुढे करून ती आत सटकणार होती. पण तक्रार तीच, डावीकडचा स्पीकर. ती थबकली. मन मोडलं तर मोडलं, पण आपल्या हातची गाडी चुकीचं गाता कामा नये. तिने दातओठ खात उजवा ट्विटर डावीकडे लावला, डावा उजवीकडे.

"आता?"

"डावीकडचाच," तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला.

ती बराच वेळ गाडीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"उलटे बसा."

"काय?"

"सीटवर गुडघे टेका आणि तोंड मागे करा. हसू नका."

एवढा उंच माणूस बिचारा अंग चोरून उलटा बसला.

"आता कुठला झोपलाय?"

त्याने हात उचलला… आणि या वेळी उजव्या दाराकडे दाखवला. "हा! अहो, हा पण गेला?"

तिने गाणं बंद केलं. "दोन्ही जागे आहेत," ती अगदी हळू म्हणाली. "तुम्ही फिरलात, तसा झोपलेला स्पीकर पण फिरला."

त्याचा हात सावकाश डाव्या कानावर गेला. "करवत… याच बाजूला असते." त्याचा चेहरा उतरला. "मला वाटायचं, हल्ली लोकच हळू बोलतात."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी ती त्याच्या डावीकडे बसली होती!

"त्या संध्याकाळी तुम्ही आवाज का वाढवलात?"

"खिडकीच्या काचेत तुमचे ओठ हलताना दिसले. वाटलं, गुणगुणताय. गाणं आवडलं असेल, म्हणून…"

तिचा इतक्या दिवसांचा राग पार विरघळला. तिने हात पुढे केला. "चावी द्या. कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, आत्ता. आणि उद्यापासून कान झाकल्याशिवाय करवतीपुढे उभं राहायचं नाही."

"आणि डॉक्टर म्हणाले, आता काही होणार नाही, तर?"

"तर मी कायम उजवीकडून बोलेन."

तिने त्याला डावीकडच्या सीटवर बसवलं, गाणं लावलं आणि स्वतः गाडी बाहेर काढली. आता त्याचा चांगला कान तिच्या बाजूला होता. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही.

"तुम्ही तक्रार नसताना आलात, तरी मला आवडेल. रोज आलात तरी."

ती त्याच्या उजव्या कानाशी वाकली. "ऐकू… आलं का?"

"आलं." त्याने हात लांब करून गाणं बंदच करून टाकलं. "पुन्हा म्हणा."

सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न मारू लागल्या. तिने आधी वाक्य पूर्ण केलं, मग गाडी हलवली.