एका बाहीचा स्वेटर

बावीस वर्षं मी प्रकाशकाकडे मुद्रितं तपासतोय. नायिका मरो की जगो, आमची नजर वेलांटीवर. शेकड्यांनी कादंबऱ्या वाचल्या, आठवत एकही नाही. बायको चिडवायची, "तुमचं वाचन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!"

ती गेली त्या दुपारी दवाखान्यातून तिचा फोन आला होता. "आज लवकर या. बाही मापून बघायचीय." मी मात्र कुणाच्या तरी कादंबरीतले अनुस्वार शोधत बसलो. मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ती माझ्यासाठी विणत होती तो एका बाहीचा निळा स्वेटर तीन वर्षं आमच्या कपाटात आहे, सुयांसकट.

यंदाच्या एका कादंबरीत, पान एकशे बारावर, नायक दवाखान्यात बसलेला आहे. पहिल्या मुद्रितात एक ओळ होती : बाकावर एक बाई विणत होती. मी पुढे गेलो.

दुसऱ्या मुद्रितात लोकर निळी झाली होती आणि स्वेटरला एकच बाही होती. मी हस्तलिखित काढून पाहिलं. त्यात बाई नव्हतीच. टाइप करणारी मुलगी म्हणाली, "शपथ काका, मी कशाला पदरचं घालू?"

तिसऱ्या मुद्रितात ती बाई, वर न बघता, म्हणाली होती : "आज लवकर या. बाही मापून बघायचीय."

त्या फोनबद्दल मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

तेवढ्यात लेखक आले. पान वाचून त्यांनी त्या बाईच्या ओळींवर बोट ठेवलं.

"ही कोण? मी लिहिलेली नाही."

"राहू द्या ना, साहेब. कोपऱ्यात बसलीय बिचारी."

"ना नाव, ना गाव. हवीय कशाला? खोडा."

"तुम्हीच खोडा."

"ते तुमचं काम. आज छपाईला जायचंय."

मालक दारात येऊन उभे राहिले. नोकरीशिवाय मला दुसरं काही उरलेलं नाही. मी लाल पेन उचललं आणि ओळ अन् ओळ खोडली. तिच्या वाक्यावर हात अडला. मग तेही खोडलं.

तिनं दुसऱ्यांदा बोलावलं होतं. मी दुसऱ्यांदाही गेलो नाही.

घरी येऊन कपाट उघडलं.

स्वेटर नव्हता.

दोन सुया शेजारीशेजारी ठेवलेल्या होत्या. त्यांच्याजवळ निळ्या लोकरीचा गुंडा होता, नीट गुंडाळलेला.

धागा अजून टाक्याटाक्याला कुरळा होता.