झाकलेलं माप

"आई, आज कोणता फ्रॉक घालू?"

दारातून ठकीनं विचारलं आणि काज्याला टाके घालत बसलेल्या आईच्या बोटात सुई कचकन घुसली!

प्रश्न किती साधा! तेरा वर्षांच्या लेकीनं आईला विचारावा असाच. पण आज कोर्टाची तारीख होती... आणि कपाटातल्या एकूण एक फ्रॉकच्या उजव्या खांद्यात त्या आईनं स्वतःच्या हातांनी कापसाची गादी शिवलेली होती. कुणाला काही कळू नये म्हणून. गेली दोन वर्षं!

"कुठलाही घाल गं," ती म्हणाली आणि रक्ताचं बोट तोंडात धरून तिनं मान फिरवली. लेकीकडे बघायची तिची छाती होईना.

ठकीचा पाठीचा कणा एका बाजूला कलत होता; शाळेतल्या आरोग्य तपासणीत ते उघड झालं होतं. डॉक्टरांचं म्हणणं, हा बाक वाढता असेल तर उद्या फुप्फुसं दाबली जातील, तेव्हा शस्त्रक्रिया आत्ताच करायला हवी. आईची तयारी होती, वडिलांची नव्हती. वडील बस चालवायचे. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांचा धाकटा भाऊ पाठीच्या शस्त्रक्रियेला स्वतःच्या पायांनी चालत गेला होता आणि परत आला तो खाटेवरून... पुन्हा कधी उठलाच नाही. "माझ्या पोरीच्या पाठीला मी सुरी लागू देणार नाही!" असं त्यांनी इस्पितळाला लिहूनच दिलं. आई हो म्हणते, बाप नाही म्हणतो, आणि कायद्यानं दोघांचा हक्क सारखा! इस्पितळानं हात वर केले. मग काय, एकाच घरातले नवराबायको एकाच बसनं कोर्टात जायचे, तिथे समोरासमोरच्या बाकांवर वैऱ्यासारखे बसायचे आणि संध्याकाळी येऊन एकाच पातेल्यातलं जेवायचे. हसावं की रडावं!

सगळं घोडं अडलं होतं ते एकाच गोष्टीपाशी. बाक वाढतो आहे की आहे तेवढाच आहे? जुनी एक्स-रे फिल्म कुणाकडेच नव्हती. वडिलांच्या वकिलानं शाळेतले फोटो पुढे ठेवले होते. दोन वर्षांतले चार फोटो, आणि चारही फोटोंत ठकीचे खांदे कसे अगदी सरळ रेषेत! "बाक वाढत असता तर इथे दिसला नसता का? वर्षभर व्यायाम करून बघू," असं त्याचं म्हणणं, आणि न्यायाधीशबाईंनाही ते पटू लागलं होतं. आईचा वकील बिचारा पुराव्यासाठी शाळेत जाऊन आला, शेजारीपाजारी विचारून आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुरावा आईच्या मशीनच्या खणात होता. तिची मापांची वही!

शिवण शिकवताना तिच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गिऱ्हाइकाच्या अंगातलं उणं तोंडानं सांगायचं नाही, कात्रीनं झाकायचं." त्या एका वाक्यावर तिनं नाव कमावलं. कुणाचं पोट झाकलं, कुणाचा पोक झाकला. आणि दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "काय हो बाई, तुमच्याच लेकीचा गणवेश तिरका?" तेव्हा ती लाजेनं लाल झाली. तिला वाटलं, शिवण चुकली! गणवेश उसवून तिनं पुन्हा माप घेतलं. दोन्ही खांद्यांपासून जमिनीपर्यंत टेप लावली... आणि तिच्या पायाखालची वाळूच सरकली. फरक अंगात होता.

डॉक्टरकडे धावायला हवं होतं. ती धावली नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तिनं कात्री उचलली. वाढत्या अंगाचं आहे, होईल सरळ, असं मनाला समजावत तिनं गादी भरली, घेर एका बाजूनं उतरवला आणि सवयीनं माप वहीत टिपून ठेवलं. पाव इंच. मग अर्धा. मग पाऊण, एक, दीड... प्रत्येक आकड्यापुढे तारीख.

काल तिनं ती वही वकिलासमोर ठेवली तेव्हा त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक तारखेवरून बोट फिरवलं.

"बाई, यानं मुलीचा बाक वाढता आहे हे सिद्ध होईल," तो अखेर म्हणाला, "पण तुम्हाला ठाऊक असून तुम्ही लपवलंत, हेही सिद्ध होईल. उपचार ठरवण्याचा तुमचा हक्कच काढून घेतील. मग सगळं तुमच्या नवऱ्याच्या हातात. आणि ते तर नाहीच म्हणतायत!"

रात्रभर तिनं तेच घोळवलं. वही लपवली तर वर्ष वाया जाणार, दाखवली तर लेक नवऱ्याच्या भीतीच्या हवाली! आणि जगासमोर अब्रूची लक्तरं!

कोर्टात तिनं वही पुढे केली. न्यायाधीशबाईंनी एकेक पान उलटलं.

"हा फरक तुम्हाला दोन वर्षं माहीत होता?"

"हो."

"मग फोटोत दिसत कसा नाही?"

"मी... मी तसे कपडे शिवत होते. खांद्यात गादी घालून."

"कशासाठी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. "लोक नावं ठेवतील म्हणून, बाई," ती कशीबशी म्हणाली. "शिवणाऱ्या बाईची पोर आणि वाकडी... मला लाज वाटली."

मागच्या बाकावर ठकी बसली होती. आईनं वळून पाहिलं नाही.

दुपारी निकाल आला. बाक वाढता आहे, हे डॉक्टरांनी वहीवरून मान्य केलं. मात्र आईनं दुखणं लपवलं, म्हणून उपचाराला संमती देण्याचा तिचा हक्क काढून घेण्यात येत होता. हो किंवा नाही, वडिलांनीच आजच्या आज सांगायचं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात वडील वही घेऊन बसले. रागानं त्यांचा चेहरा काळवंडला होता. "दोन वर्षं! एका घरात राहून मला फसवलंस?"

"फसवलं," ती म्हणाली. "हवं ते बोला, मारा. पण पोरीला 'नाही' म्हणू नका हो... पाया पडते तुमच्या!"

ती खरोखरच वाकली. त्यांनी तिचे दंड धरले आणि तिथेच त्यांचा बांध फुटला.

"दिवसभर आरशात मागची माणसं बघत बस चालवतो मी... आणि घरातली एकुलती एक पोर मला दिसली नाही! मी तरी कोण शहाणा? मला भीती, तुला लाज, आणि या दोघांच्या मधे पोर वाकली!"

त्यांनी डोळे पुसले आणि सरळ इस्पितळाची वाट धरली. खिडकीपाशी कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

"हिचीही घ्या," ते म्हणाले.

"साहेब, आता त्यांची सही चालणार नाही."

"राहू दे," आई म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली. तिथे ठकी उभी होती.

"आई," ठकीनं हळूच विचारलं, "तुला माझी लाज वाटायची?"

"नाही गं सोन्या! तुझी कशी वाटेल? लोकांची भीती गं ती... मेली माझीच..."

"मला गादी टोचायची. पण काढली तर तू रडशील, असं वाटायचं. म्हणून मी कधी बोलले नाही."

म्हणजे दोन वर्षं ती लेकीला झाकत होती आणि लेक तिला सांभाळत होती! तेवढ्यात परिचारिकेनं हाक मारली आणि ठकी तपासणीच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं. ठकी पाठमोरी उभी होती, इस्पितळाच्या पातळ पांढऱ्या झग्यात, मागच्या नाड्या सोडून.

"आई, ये ना आत," ती म्हणाली. "बघ माझ्याकडे."

आई आत गेली. तिनं त्या वाकड्या, कोवळ्या, उघड्या पाठीकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच, माप न घेता.