दोन कडू तोंडं

तो माणूस दुकानात शिरला तोच मुळी जीभ बाहेर काढून.

"अहो, हे काय!" ती तराजू सोडून मागे सरकली. सुकामेव्याच्या दुकानात नाना तऱ्हेची माणसं येतात. कुणी घासाघीस करायला येतं, कुणी चव बघतो म्हणत मूठभर बेदाणे फस्त करून जातं. पण जीभ दाखवायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"बघा ना," जीभ आत घेऊन तो म्हणाला. "काही दिसतंय?"

"जीभ दिसतेय."

"कडू झालीय."

"मग काय, चाखून बघू?"

शब्द तोंडातून गेला आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागे गल्ल्यावर आप्पा खोकले. तिच्या वडिलांना खोकला नव्हता.

तो माणूसही लाल झाला होता. कोपऱ्यावरचा चष्मेवाला तो. गेल्या आठवड्यात त्याने तिच्याकडूनच चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, नेल्या होत्या. पण तेव्हा दुकानात गर्दी होती आणि तिने त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, चिलगोज्यांकडे पाहिलं होतं. आता पाहिलं. बुटकासा, कुरळ्या केसांचा, स्वतःच्या नाकावरचा चष्मा मात्र वाकडा.

"अहो ताई, तुमचे चिलगोजे लोण्यात परतले, भातावर घातले, मजेत खाल्ले. दोन दिवसांनी चहा कडू. मग पाव कडू, संत्रं कडू. नुसती साखर खाल्ली, तीही कडू! घरी आक्काने केलेलं सूप तोंडात घेऊन मी असं तोंड केलं, की ती अजून माझ्याशी बोलत नाही."

"आमचा माल कडू नाही," ती म्हणाली. "मी स्वतः निवडलाय."

तिचा आवाज जरा जास्तच चढला, आणि त्याला कारण होतं. यंदा पहिल्यांदा आप्पांनी खरेदी तिच्या हातात दिली होती. लहानपणापासून ती पोत्यांत नाक खुपसत आली होती. जुनाट वास, बुरशी, कीड तिला लांबूनच कळायची. पण चिलगोज्यांसाठी तिने आप्पांचा जुना दलाल सोडून नवा व्यापारी धरला, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "बघ बाई. एक जरी खरी तक्रार आली, तरी खरेदी परत दलालाकडे. तू तराजू सांभाळ."

आणि ही तक्रार जिभेसकट दारात उभी होती.

तिने बरणी उघडली, मूठभर चिलगोजे तोंडात टाकले आणि त्याच्या डोळ्यांत बघत चावले. मऊ, गोडसर, लोण्यासारखे. "बघा. काही नाही."

"मलाही लगेच काही झालं नव्हतं. दोन दिवस थांबा."

"थांबते."

"मीही थांबतो," म्हणत आप्पांनीही एक मूठ घेतली. आप्पांना फुकटचे चिलगोजे आवडायचे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोवर चष्मेवाला हजर.

"काही कडू लागतंय?"

"फक्त तुमची तक्रार."

तो हसला. बरोबर त्याने एक भिंग आणलं होतं. दोघांनी ताटात चिलगोजे पसरले आणि एकेक दाणा बघायला सुरुवात केली. तिने त्याला समजावलं, चांगला दाणा लांबट, सडपातळ, फिकट साईच्या रंगाचा. आधी वास घ्यायचा. तेलकट, शिळा वास आला तर घ्यायचाच नाही. थोडेच न्यायचे आणि थंड जागी ठेवायचे. तो मान डोलवत होता, पण भिंग दाण्यांवर नव्हतं.

"इकडे बघा," ती म्हणाली.

"बघतोय की."

"ताटात!"

मग त्यालाच सापडलं. लांबट दाण्यांत मधूनच आखूड, टपोरे, शेंड्याला काळपट असे दाणे मिसळलेले होते. तिने त्यातला एक उचलून उजेडात धरला. नव्या व्यापाऱ्याने दाखवलेल्या नमुन्यात हे नव्हते... की होते, आणि तिने पाहिले नाहीत?

"बुटकेही असतात चिलगोजे," ती घाईघाईने म्हणाली. "त्यावरून काही ठरत नाही."

"अगदी बरोबर. मी स्वतः बुटका आहे. मला कुणी कडू म्हणालं, तर मला चालणार नाही."

ती इतकी हसली, की दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. आप्पा पुन्हा खोकले.

तो निघाला तेव्हा आप्पा त्याच्याबरोबर पायरीपर्यंत गेले. ते काय बोलले, तिला ऐकू आलं नाही. तिला एवढंच दिसलं, की चष्मेवाल्याचं हसू मावळलं आणि तो मान खाली घालून गेला. तिने विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "काही नाही. तक्रार खरी निघाली तर तुझी खरेदी जाणार, तेवढं सांगितलं त्याला."

तिसऱ्या सकाळी तिने चहाचा घोट घेतला आणि तो तिला थुंकावासा वाटला. गंजलेलं लोखंड चाखावं तसा. तिने आणखी साखर घातली. आणखी कडू.

समोर आप्पा तोच चहा भुरके मारत पीत होते. "झकास झालाय. माझं तोंड तर गोड आहे बाई. तुझं?"

म्हणजे सगळ्यांनाच त्रास होत नव्हता. म्हणूनच दुसऱ्या कुणाची तक्रार आली नव्हती. साऱ्या गावात कडू तोंडं दोनच होती, आणि त्यातलं एक तिने बंद ठेवलं, तर कुणाला काही कळणार नव्हतं. ती "हूं" म्हणाली आणि दुकानात येऊन बरण्या पुसत बसली. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या.

तेवढ्यात चष्मेवाला आला. आज त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही, सरळ गल्ल्याकडे गेला.

"आप्पा, माफ करा. माझीच चूक झाली. मी खोकल्याचं औषध घेत होतो, त्यानेच तोंड कडू झालं होतं. तुमचे चिलगोजे उत्तम आहेत." आणि पुरावा म्हणून तो खोकला. पण आप्पांइतकं खोटं खोकणं त्याला जमलं नाही.

"मग आता तोंड ठीक?" आप्पांनी खजुराचा डबा पुढे केला. "घ्या."

त्याने अख्खा खजूर तोंडात टाकला. चावला. डोळ्यांत पाणी आलं, तरी हसला. "वा! गोड—एकदम गोड!"

तिने तो चेहरा ओळखला. सकाळी कपाटाच्या आरशात तिने तोच पाहिला होता. हा माणूस तिच्यासाठी कडू खजूर गिळत होता, आणि ती फडकं घेऊन बरण्यांमागे लपली होती.

"खोटं बोलताहेत ते," ती म्हणाली. "चिलगोजे वाईट आहेत. माझं तोंड सकाळपासून कडू आहे, आप्पा."

"नाही हो, ताई, चांगले आहेत!"

"वाईट आहेत!"

"मी खाल्लेत, मला माहीत!"

"मी विकलेत, मला जास्त माहीत!"

"गप्प!" आप्पांनी गल्ल्यावर हात आपटला. "परवा गिऱ्हाईक म्हणत होतं माल वाईट आणि दुकानदार म्हणत होता चांगला. आज गिऱ्हाईक म्हणतंय चांगला आणि दुकानदार म्हणतोय वाईट. मी म्हातारा झालो की तुम्ही दोघं बिघडलात?"

आप्पांनी डबा बंद केला.

"तुझी आई पहिल्यांदा आली ती बदामांची तक्रार घेऊन. मी बदलून दिले. परत आली. पुन्हा बदलून दिले." ते थांबले. "बदाम चांगले होते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या. चष्मेवाल्याला ते दिसलं.

"पोतं परत पाठव," चष्मा लावत आप्पा तिला म्हणाले. "ज्यांनी चिलगोजे नेले असतील, त्यांना सांगून बदलून दे. आणि पुढच्या वेळी नमुन्यावर जाऊ नकोस, पोत्यात खालपर्यंत हात घाल."

"पुढच्या वेळी? मीच?"

"मग कोण? माझ्या दलालाने इतक्या वर्षांत स्वतःचा माल एकदाही कडू म्हटला नाही." ते उठले. "आणि त्याला सांग, आधी तुला ताई म्हणायचं बंद कर."

आप्पा आत गेले. त्याने तराजूजवळचं एक वजन उचललं आणि परत जागेवर ठेवलं.

"खोकला वगैरे काही नव्हता," तो म्हणाला.

"कळलं."

"का बोललो... तेही कळलं?"

"कळलं असेल. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"आत्ता नको. आत्ता तोंड कडू आहे. चांगलं झालं की सांगतो."

त्यानंतर आठवडाभर तिने जेवण औषधासारखं गिळलं. रोज सकाळी जिभेवर साखर ठेवून बघायची. मग एका सकाळी ती साखर नुसती साखर लागली. तिने चप्पल कशीबशी पायात सरकवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जीभ बाहेर काढूनच शिरली.

चष्मेवाला एका आजोबांचे डोळे तपासत होता. आजोबा एक डोळा हाताने झाकून भिंतीवरची अक्षरं वाचत होते. त्याच्या हातातली काच निसटता निसटता राहिली.

"काही दिसतंय?" जीभ आत घेत तिने विचारलं.

"जीभ दिसतेय."

"गोड झालीय. तुमची?"

"परवाच झाली."

"परवा? मग आला का नाहीत सांगायला?"

"एकट्याचं तोंड गोड होऊन काय उपयोग?" तो जवळ आला. चष्मा अजून वाकडाच होता; तिने हात वर करून तो सरळ केला आणि हात काढायचं विसरली. "मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तोंड कडू होतं, तरी."

"मलाही..." ती हळूच म्हणाली. "साखर खोटी वाटत असेल, तर—"

"चाखून बघू?"

"बाळांनो," आजोबा म्हणाले, "मी एकच डोळा झाकलाय."