उसनी रात्र

बसा. फोन खिशात ठेवा. मध्ये कोणी बोलायचं नाही.

साल दोन हजार एकोणीस. हिवाळा. जानेवारीची अकरा तारीख, शुक्रवार. ज्याच्यावर बेतलं तो ओळखीचा माणूस आहे, आणि खोटं रचायची त्याला अक्कल नाही. ऑफिसात त्याला काटा म्हणत. घड्याळातला सेकंदकाटा. कारण जन्म सेकंद मोजण्यात चाललेला.

आधी काम समजून घ्या, नाहीतर पुढे डोकं खाजवत बसाल. औषधांची मोठी कंपनी, सात गोदामं, आणि त्यांचा कारभार चालवायला नवं सॉफ्टवेअर. नवा पूल बांधला की आधी वाळूचे ट्रक नेऊन बघतात ना? तसं सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी त्यात खोटी माणसं सोडतात. एकदम दोन हजार. माणसं म्हणजे नुसती नावं. ती कामं मागतात, आणि उत्तर किती सेकंदांत मिळतं ते मोजायचं. अडखळलं तिथे दुरुस्त करायचं. रीत अशी, की मोजणारा एक आणि शेजारी बसून पडताळणारा दुसरा. दुसऱ्याने 'बरोबर' दाबलं तरच पुढची मोजणी सुटते.

काट्याला हे शिकवलं मास्तरांनी. त्याचे वरिष्ठ. एका बोटाने टाइप करायचे. दर मोजणीनंतर चष्मा पुसायचे आणि फडकं डबीत ठेवून डबी मिटायचे. टक.

तेरा महिन्यांपूर्वी दोघं अशाच एका रात्री मोजायला बसले होते. चाळीस मोजण्या होत्या. तेवीस झाल्या आणि काट्याच्या सासूचा फोन आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या.

"जा," मास्तर म्हणाले. "बाप व्हायचं काम मला तुझ्या जागी करता यायचं नाही."

"पण शेजारी कोण बसणार?"

"साहेबाला उठवतो. त्याची झोप मोडायला मला आवडतंच."

"तुमची एक रात्र माझ्यावर उसनी, मास्तर."

"फेडशील रे. आधी नीघ."

पहाटे मुलगी झाली. साहेब ऑफिसला गेलेच नव्हते. सकाळी झाडूवालीला मास्तर टेबलावर डोकं टेकून बसलेले दिसले. समोर चोविसावी मोजणी, पडताळणाऱ्याची वाट बघत. डॉक्टर म्हणाले, शेजारी कोणी असतं तर वाचले असते. हे वाक्य काट्याच्या छातीत रुतून बसलं. काम तिथेच बंद पडलं. वर्षभराने कंपनीने ते पुन्हा काढलं.

तर त्या शुक्रवारी काटा आणि साहेब बसले. अकरा वाजता साहेबांनी जांभई दिली.

"दोन्हीकडून तूच दाब. कोण बघतंय? पण सकाळी सहाला सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर सोमवारी दुसरी नोकरी बघ."

"साहेब, रीत अशी नाही..."

"रीत पगार देते का तुझा?"

गेले.

काटा कामाला लागला. औषध शोधायला नऊ सेकंद लागत होते, कारण सॉफ्टवेअर दर वेळी अख्खी यादी चाळत होतं. त्याने यादीला अनुक्रमणिका करून दिली. नऊचे दोन झाले. दोन वाजून चाळीस मिनिटांनी चाळीसही मोजण्या संपल्या. खोटी माणसं बाहेर पडली. दोन हजार, नऊशे, साठ, चार...

एक.

एक आतच.

त्याने नाव पाहिलं. मास्तर.

आधी घाम फुटला, मग स्वतःचंच हसू आलं. खोट्या माणसांना नावं द्यायला त्याने हजेरीची जुनी यादी उचलली होती. मेलेलं नाव गाळायचं राहिलं होतं. एवढंच. त्याने त्याला बाहेर काढलं.

मिनिटात परत आत.

काढलं. परत आत. यादीतून नाव पुसलं. परत आत. आणि नऊचे दोन केलेले सेकंद चढू लागले. दहा. वीस. चाळीस. सगळं त्या एका माणसापाशी अडलेलं.

त्याने साहेबांना फोन लावला.

"अरे मग काढ ना त्याला!"

"तीनदा काढला."

"कोण आहे तो?"

काट्याने पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

"सहा वाजता, कळलं?" फोन बंद.

शेवटी तो टेबलाखाली वाकला आणि त्याने नेटवर्कची वायर उपटली. आता आत कोणी असूच शकत नव्हतं. वायर हातात धरून तो वर आला.

पडद्यावर अक्षरं उमटत होती. एक अक्षर. थांबून दुसरं. एका बोटाने टाइप करावं तशी.

मोजणी चोविसावी. मोजणारा, मास्तर. पडताळणारा...

पुढे रिकामं.

तीन वाजून वीस मिनिटं. त्याला उठायचं होतं. ओरडायचं होतं... कोणाला? शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. पाहवलंच नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने हात पुढे केला. स्वतःचं नाव लिहिलं. 'बरोबर' दाबलं.

शांतता...

टक.

शेजारीच. हाताच्या अंतरावर.

मोजणी पंचविसावी.

त्याने दाबलं.

टक.

सव्विसावी...

चार वाजले. पाच वाजले. तो रडत होता आणि दाबत होता. थांबायची सोय नव्हती. एकदा त्याने उशीर केला, तर खुर्ची जराशी करकरली. त्याने घाईने दाबलं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना चाळिसावी झाली. डबी वाजली. आत असलेली माणसं, शून्य. सेकंद, दोन. त्याने वायर जोडली. सहा वाजता सॉफ्टवेअर सुरू झालं. सात गोदामं कामाला लागली, कोणाला काही कळलं नाही.

काटा खाली फाटकावर आला. तिथला पहारेकरी म्हातारा, कडक. रजिस्टर कुलपात ठेवायचा, किल्ली कमरेला.

"काका, तेरा महिन्यांपूर्वीचं रजिस्टर आहे?"

"मास्तरांचं पान ना? त्यात बघण्यासारखं काय आहे? येण्याची वेळ आहे, जाण्याची नाही. साहेब म्हणाले होते, लिहून टाक काहीतरी. मी म्हटलं, माणूस गेला नाही, नेला. मग कशी लिहू?"

तरी त्याने कुलूप काढलं. धूळ झटकली. पान उघडलं.

म्हातारा खाली बसला.

जाण्याच्या रकान्यात सहा वाजल्याची वेळ होती. खाली मास्तरांची सही. शेजारी, त्यांच्याच अक्षरात, एक शब्द.

फिटली.